अंगठा आधी, पोती मागून

न आलेल्या धान्याची पोच मागणाऱ्या महाशयांस,

पेण तालुक्यात डोंगराकडच्या एका रास्त भाव दुकानातून लिहिते आहे. दुकान आमच्या बचत गटाचे. गेल्या महिन्यात तुमचा फोन आला, "ताई, मशीनला अंगठा देऊन टाका, गाडी निघालीच आहे." मी दिला, ती माझी चूक. साठा यंत्रात चढला आणि तुमचे काम संपले. गाडी आली सहाव्या दिवशी, तीही दोन पोती कमी घेऊन.

दोन पोती म्हणजे 100 किलो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो मिळतात. वीस माणसांचा महिना तुम्ही वाटेत हरवलात. यंत्राच्या हिशेबी ती पोती माझ्याकडे आहेत, म्हणजे उद्या तपासणी झाली तर चोर मी. "फुकटचं धान्य आहे, चार दिवस इकडे-तिकडे झालं तर काय बिघडलं," असेही तुम्ही म्हणालात. 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे, हे खरे. पण ज्याच्या घरात तेवढाच तांदूळ येतो, त्याच्यासमोर हे वाक्य बोलून दाखवा.

दिवाळीनंतर रोह्याकडची कातकरी कुटुंबे इकडच्या वीटभट्ट्यांवर येतात. त्यांचे कार्ड रोह्याचे, तरी धान्य पेणमध्ये घेता येते. यंत्रामुळे झालेली ही सर्वांत मोठी गोष्ट, आणि तिच्यासाठी मी कुणाशीही भांडेन. पण त्यांच्या नावाचा तांदूळ तुम्ही रोह्यालाच पाठवता. कुणी कुठल्या दुकानात अंगठा दिला, हे यंत्र त्याच दिवशी नोंदवते. ती नोंद वाचली असती तर पुढच्या महिन्याची पोती इकडे वळली असती. तुम्ही जुनीच यादी पुढे ढकलता. तिकडे पोती पडून राहतात आणि इकडे महिनाअखेरीस माझ्याच गावच्या कार्डांना पुरत नाही. परवा एका बाईचा अंगठा चौथ्या खेपेला उमटला. विटा उचलून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत तिच्या. यंत्राने तिला ओळखले, आणि मला तिला सांगावे लागले की तांदूळ संपला.

याच पेणमधून गणपतीच्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी आधी बोटीने परदेशी जातात. शाडूची नाजूक मूर्ती, तरी कारखानदार मोजून भरतो आणि मोजून पाठवतो. तुमच्याकडे तर न फुटणारे पोते आहे, आणि गोदाम याच जिल्ह्यात.

येत्या गाडीपासून पोती आधी माझ्या काट्यावर चढतील. वजन जुळले की अंगठा. ड्रायव्हरला घाई असेल तर मी त्याला चहा देईन, तो थांबेल. तुमचा फोन आला तरी काटा हलणार नाही.

आणि गाडीत आधी मागच्या महिन्याची दोन पोती भरा.

— दुकान चालवणारी