खोळ

उघडी वस्तू बघवत नाही अशी बाई तुमच्याही आळीत असेलच. बोरी बुद्रुकात त्या आक्का आहेत. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि ती मळू नये म्हणून तिला कापडी खोळ. आवाज वाढवायला नाडी सोडावी लागते, तोवर बातम्या संपतात.

यंदा पाळी जुन्या खुर्चीवर आली. लाकूड शाबूत, पण रेक्झिन फाटून स्पंज बाहेर डोकावत होता. ‘नवीच घेऊ’ म्हणणाऱ्या सुनेकडे आक्कांनी असं पाहिलं, की ती गुपचूप भाजी निवडायला गेली. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारातून पडद्याचं जाड सुती कापड आलं आणि रात्रभर बादलीत बसलं. आधीच आटू द्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात खोळ आखडते. मग ते उलटं करून खुर्चीवर टाकलं आणि कडेकडेनं टाचण्या लावल्या. पाठ आणि बैठक मिळते तिथं चार बोटं कापड जास्त सोडलं. माणूस टेकला की ते आत ओढलं जातं, तेवढी ढील नसेल तर शिवण उसवते. खात्री करायला त्या मला म्हणाल्या, “जरा बसून दाखव.” टाचण्या तशाच होत्या. बसून दाखवलं.

पायाच्या मशीनला १६ नंबरची सुई लागली. कोपऱ्यात चार पदर आले की पाय थांबवून चाक हातानं फिरवायचं. मागून नाड्या. आणि धुवायला काढली तर खुर्ची उघडी पडू नये म्हणून दुसरी खोळ!

या झाकाझाकीला आमच्या गावात जुना दाखलाही आहे. इथं कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीची राख आहे. ती सुमात्रातल्या तोबाची, म्हणजे सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर संशोधक बरीच वर्षं भांडले. राखेखाली आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. जगाला नवल वाटलं, आक्कांना नाही. “वरून काहीतरी घातलेलं होतं म्हणून टिकलं,” एवढंच त्या बोलल्या.

परवा त्याच खुर्चीत माझा चहा कलंडला. मी धोतरासकट उठलो, आता ऐकून घ्यायचं म्हणून. आक्का हलल्यासुद्धा नाहीत. “बस रे निवांत. सांडायचंच असतं, म्हणून तर शिवलीय.” ज्या घरात इतकी वर्षं मी खुर्चीच्या टोकावर बसत आलो, तिथं पहिल्यांदाच पाठ टेकवली. बाई वाईट नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

चहाचा दुसरा कप आला तो लोकरीच्या खोळीत. मी पीत असताना त्या माझ्या चष्म्याच्या घराकडे बघत वीत पसरत होत्या.