कैलासचे पाथरवट कोणी गायब केले?

हॅरी पॉटरच्या गोष्टीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात पावणेदहा नंबरचा फलाट आहे. जादूगारांची पोरं भिंतीतून आरपार जातात आणि गाडी पकडतात. शेजारी उभ्या असलेल्या साध्या माणसाला पत्ताही लागत नाही. १९९७ साली पहिलं पुस्तक आलं, तेव्हापासून जगभरच्या पोरांना असा एक फलाट हवा आहे. हवाच. गोष्ट झकास आहे.

गोष्ट गोष्टीत राहिली तर.

वेरूळला ती राहिलेली नाही. कैलास लेण्याखाली गुप्त नगर आहे, तिथे कोणीतरी राहत होतं, हे माणसाचं काम नव्हेच, परग्रहावरून आलेल्यांनी यंत्रानं डोंगर कापला. असले व्हिडिओ फोनोफोनी फिरतात आणि शिकलेली माणसं ते 'फॉरवर्ड' करतात. सोबत एक आकडाही असतो: अठरा वर्षांत चार लाख टन दगड काढला. माणसाला जमेल का?

आधी आकडा तर तपासा. कैलासचा खड्डा २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागच्या भिंतीपाशी १०७ फूट खोल. डोंगर पुढे उतरता आहे आणि मधलं देऊळ काही कोणी उचलून नेलेलं नाही. तरी उतार विसरा, देऊळ विसरा, सगळा ठोकळा भरीव धरा आणि बेसाल्टच्या वजनानं गुणा. चार लाख टन भरत नाहीत!

अठरा वर्षं कुठून आली? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीवरून. साधारण इसवी सन ७५६ ते ७७३. पण एका राजाच्या काळात सगळं उरकलं, हे ठरवलं कोणी? पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी शैली आणि कालक्रम तपासून दाखवलं आहे की मुख्य देऊळ कृष्णाच्या काळातलं, पण आवारातली बाकी कामं पुढे होत राहिली. वाचायला मात्र वेळ हवा. व्हिडिओ दहा मिनिटांत संपतो.

आता पुरावा. कैलासच्या आवारात शिरा आणि देवळाकडे पाठ करा. कडेच्या उभ्या कातळावर तिरक्या, समांतर रेघा दिसतात. रेघेशेजारी रेघ, वरपासून खालपर्यंत. त्या टाकीच्या खुणा आहेत. एक घाव, एक ढलपी. पुन्हा घाव. यंत्रानं डोंगर कापणाऱ्याला टाकी कशाला लागते?

आणि हेही पुरेसं नसेल, तर जैन लेण्यांकडे जा. ३० नंबरचं लेणं, छोटा कैलास. तसंच वरून खाली खोदायला घेतलेलं आणि अर्धवट राहिलेलं. पैसा संपला की आश्रय संपला, कारण काहीही असो, काम थांबलं. काम असं थांबतं ते माणसांचं.

वरून खाली खोदण्याची ही रीत लोकांना ठाऊक होती. मराठी 'कथाकल्पतरू'त कृष्ण याज्ञवल्कीनं गोष्ट सांगितली आहे. राणी माणिकावतीनं पण केला, देवळाचं शिखर दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही. बाकीचे कारागीर हतबल झाले. मग पैठणचा कोकस आला, त्यानं शिखरापासूनच सुरुवात केली आणि आठवड्यात राणीचा उपास सुटला. आठवडा गोष्टीतला आहे. शिखर आधी, हे खरं आहे. आणि कर्ता कोण? पैठणचा माणूस. चमत्काराच्या गोष्टीतही जुन्या मराठी माणसानं कारागिराला गाव दिलं, नाव दिलं.

आपण तेही काढून घेतलं.

बडोद्याला मिळालेला ताम्रपट इसवी सन ८१२-१३चा, राष्ट्रकूट कर्कराजाचा. विमानातून जाणारे देव हे देऊळ पाहून थक्क झाले आणि घडवणारा स्वतःही आपल्या हातून हे कसं झालं म्हणून चकित झाला, असं वर्णन त्यात आहे. व्हिडिओवाले यातलं विमान तेवढं उचलतात. चकित झालेला कारागीर तिथेच सोडून देतात. ताम्रपटानंही राजाचं नाव दिलं आणि कारागिराचं गाळलं, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणारा साकी मुस्तैद खान वेरूळच्या खोदणाऱ्यांच्या अंगी जादूचं कसब होतं असं म्हणतो. निदान खोदणारे होते, एवढं तरी त्यानं मान्य केलं!

एरिक फॉन डॅनिकेननं १९६८ साली परग्रहवासी देवांचं पुस्तक काढलं आणि हा धंदा जोरात सुरू झाला. या मंडळींचं बोट कुठे जातं ते बघा. पिरॅमिड, माया लोकांची नगरं, वेरूळ. पॅरिसचं नोत्र दाम मात्र माणसांनी बांधलं, त्याबद्दल कोणाला शंका नाही. गोऱ्यांच्या हातांना कसब असतं आणि आपल्या हातांना यान लागतं? आणि हे आपणच अभिमानानं पसरवतो!

राग याचा येतो.

पॉटरच्या पुस्तकांत जादूगारांची वस्ती साध्या माणसांपासून लपलेली असते. वेरूळला जादूच चव्हाट्यावर आली आणि माणसांची अख्खी वस्ती दडपली गेली. टाक्यांना धार लावणारे लोहार, घण घालणारे, दगडाची शीर ओळखणारे पाथरवट, राबीट वाहणारे, गिलाव्यावर रंग चढवणारे, या सगळ्यांना भाकऱ्या थापून घालणारे. पिढ्यांचं गाव होतं ते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण उठताबसता ऐकवतो. दगडाला देवपण आलं. टाकी धरणाऱ्याला काय मिळालं?

हे कसब मेलेलं नाही. पाटा-वरवंटा घडवणारा, जात्याला टाकी लावणारा वडार अजून आहे. तो समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. कातळ कसा फुटतो हे विचारायला त्याच्याकडे किती जण गेले?

शिक्षकांनो, या वर्षी सहल वेरूळला नेणार असाल तर पोरांना आधी कडेची भिंत दाखवा, मग देऊळ. लेणी मंगळवारी बंद असतात, बाकी सहा दिवस उघडी असतात.