पाणी हिरवंच राहील

पाण्याखाली फोटो काढायला फारसं काही लागत नाही. पैसे लागतात, पाठीवर सिलिंडर लागतो आणि घरच्यांनी एकदाचं ‘करा काय करायचं ते’ म्हणावं लागतं. खरी कसोटी कोरड्या जमिनीवर असते. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं आणि नेमका तेव्हाच एका प्रदर्शनाच्या आयोजकांचा फोन आला. “बाराच फोटो द्या. पण त्यांत एक धागा दिसला पाहिजे.”

हार्ड डिस्कवर फोटोंचा हा ढीग. धागा म्हणाल तर एकच, बहुतेकांत माशाची शेपटी आहे. आम्ही येत असतो, मासा जात असतो, त्यामुळे भेट होते ती पाठमोरीच.

1926 साली लाँगली आणि मार्टिन या जोडीने फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाजमध्ये पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. उजेडासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड भडकवून! पुढच्या जानेवारीत ते ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये झळकले. त्यांच्याकडे कोणी धागा मागितल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या घरी मात्र कोणी न नेमताच निवड समिती बसली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, आई अध्यक्षस्थानी. पहिला फोटो गोबऱ्याचा. कपारीतून तोंड बाहेर काढून तो थेट कॅमेऱ्यात बघतोय, डोळा असा लख्ख की बुबुळाची सोनेरी कड मोजून घ्यावी. मी दाद मिळण्याची वाट बघत होतो.

“गोबरो!” आई म्हणाली. “हेच्या टकलेचा सार बरा लागता.”

पुढे अंदमानच्या हॅवलॉकचा क्लाउनफिश आला. मी माहिती पुरवली, की हे सगळे नर म्हणूनच जन्मतात, त्यातला सर्वांत थोर तो मादी होतो आणि मग घर तिच्या हुकमाने चालतं. आईने चष्मा वर केला. “मगे त्यात नवीन काय?”

मेहुण्याचं म्हणणं एकच, “भावजी, कासव घ्याच. लोक कासव बघायलाच येतात.” कासवही अंदमानचंच, सुरेख, निळ्याशार पाण्यातलं. पण ते मालवणच्या फोटोशेजारी ठेवलं की एकाच अल्बममध्ये दोन वेगळ्या घरची लग्नं लावल्यासारखं दिसे.

कारण पाणी उजेड गिळतं आणि सुरुवात लाल रंगापासून करतं. पाच-सहा मीटर खाली गेलं की तांबोशीसुद्धा राखाडी दिसते, म्हणून तर स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, न्यायचा. नितळ समुद्रात शेवटी निळा उरतो. आमच्या किनाऱ्याला मात्र गाळ आणि प्लवंग मिळून त्या निळ्यालाही टिकू देत नाहीत, उरतो तो हिरवा. स्ट्रोब अगदी समोरून मारला तर गाळाचा कण न् कण चमकून उठतो. ते आमचं बॅकस्कॅटर. ते बघून शेजारच्या काकांनी आपुलकीने विचारलं, “टाकी कधी धुतली होती?”

मुलीने माउस हातात घेतला. “बाबा, दोन मिनिटं दे.” तिने व्हाइट बॅलन्स सरकवला आणि मालवणचं मालदीव झालं. पाणी निळं, वाळू पांढरी आणि आमच्या गाइडचा चेहरा वांग्याच्या रंगाचा.

तेव्हाच ठरवलं, पाणी हिरवंच राहील. आपल्या समुद्राचा रंग लपवून फोटो मांडायचे, तर इतकं भिजायचं कशाला? अंदमान बाद, कासव बाद. मेहुणा त्या रात्री जेवला नीट, पण बोलला कमी.

मग क्रम लावला. आधी पाण्याच्या पातळीवरून सिंधुदुर्गाचा तट, अर्धी चौकट वर, अर्धी पाण्यात. मग हळूहळू खाली. खडक, माशांचा थवा, गोबरा (आईचा शेरा वगळून) आणि मग नखाएवढी न्यूडिब्रँक, म्हणजे बिनकवचाची समुद्री गोगलगाय. शेवटच्या फोटोबद्दल समिती नाराज होती. त्यात एक पर्यटक आहे. भोवती पावाच्या चुऱ्यासाठी जमलेले मासे. हे मासे पोसणं मला मुळीच पटत नाही, पण तो आनंद खोटा नव्हता. कॅमेरा दिसताच गड्याने अंगठा उंचावला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. गाइडने आज्ञाधारकपणे त्याला धरलं आणि वर न्यायला सुरुवात केली. चेहरा अजून हसरा, पाय निघालेले! खाली उतरत गेलेल्या मालिकेला वर आणायला याहून चांगला माणूस कुठे मिळणार?

फोटो पाठवले. चार दिवसांनी आयोजकांचा फोन आला.

“अप्रतिम! धागा अगदी स्पष्ट दिसतो. अडचण एवढीच, आमच्या हॉलच्या भिंतींना हिरवा डिस्टेंपर आहे. निळ्या पाण्यातलं एखादं कासव नाही का हो तुमच्याकडे?”