फॉरमॅटवाले भाऊ

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या उंद्रीत कुणाचा कॉम्प्युटर अडला, की भाऊंना निरोप धाडावा लागत नाही. त्यांना वास येतो. दारात चपला काढता काढताच निदान झालेलं असतं : "फॉरमॅट मारा लागते."

भाऊ एमएससीआयटीच्या पहिल्यावहिल्या तुकड्यांतले. शर्टाच्या खिशात एक पेनड्राईव्ह कायम, दोऱ्यात ओवलेला, ताईतासारखा. त्यात विंडोज सेव्हन. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी तिच्यावरून हात काढला, भाऊंनी अजून काढलेला नाही. निदानाचंच म्हणाल, तर आमच्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती अठरा धान्यं मांडतात आणि पावसापाण्याचं, पिकाचं भाकीत सांगतात. पण तेसुद्धा रात्र जाऊ देतात, पहाटे जाऊन घट बघतात आणि मग बोलतात. भाऊंना बघण्याची गरज पडत नाही.

माझ्या पुतण्याने सोयाबीनच्या पैशातून जुने-नवे भाग गोळा करून गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवला. दिवाळीपर्यंत तो सुसाट होता. मग एक चमत्कारिक दुखणं जडलं. जीटीए फाईव्ह लावलं, की पंधरा मिनिटं गाडी झकास पळायची, मग ठेचकाळायला लागायची, आणि एखाद्या वळणावर सगळंच थिजायचं. माऊस हलेना, की-बोर्ड ऐकेना. स्पीकरमधून तेवढा 'डर्रर्र' असा एकच सूर अडकून राहायचा, पाणी संपलेल्या बोअरच्या मोटरसारखा.

भाऊ आले. आधी डब्यावर पालथा हात ठेवला, वासराचा ताप बघावा तसा. मग कान लावला. "रॅम हलली," म्हणाले, "खोडरबर आण." रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात त्यांनी खोडरबरने असे घासले, की पाहणाऱ्याला आपलेही घासून घ्यावेसे वाटले. खोटं कशाला बोलू, हा इलाज खरा आहे. दातांवर मळ धरला, की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, आणि खोडरबरने तो जिवंत होतो. पण आमचा रोगी सुरू व्हायला कुरकुरत नव्हता, पंधरा मिनिटांनी दम टाकत होता. ही 'पंधरा मिनिटं' भाऊंच्या हिशेबात कुठेच नव्हती.

"मग वायरस हाये. फॉरमॅट."

फॉरमॅट झाला. आणि काय सांगावं, कॉम्प्युटर चार दिवस अडला नाही! गावात भाऊंची कॉलर ताठ. गंमत अशी, की फॉरमॅटमध्ये गेमही पुसला गेला होता, आणि शंभर जीबीच्या आसपासचं ते धूड उंद्रीच्या नेटवर पुन्हा उतरायला तेवढेच चार दिवस लागले. गेम नाही, कष्ट नाही, म्हणून थिजणंही नाही. पाचव्या दिवशी गेम लागला, आणि सोळाव्या मिनिटाला डर्रर्र. भाऊंनी परत फॉरमॅट मारला. परत चार दिवस गुण. भाऊंची सारी वैद्यकी या चार दिवसांवर उभी आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

तिसऱ्या खेपेला पुतण्याने भाऊ यायच्या आत टास्क मॅनेजर उघडला. रॅम निम्मी रिकामी. मग तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून गेम लावला. आकडा साठ, पंच्याहत्तर, नव्वद करत अठ्ठ्याण्णवला भिडला. शंभराच्या आसपास पोचला, की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून चाल मंद करतो. भर उन्हात बैल बाभळीखाली बसतो ना, तसा. मग पुराणी टोचा नाहीतर फॉरमॅट मारा.

डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढली. पंख्याखालच्या जाळीत बोटभर जाडीची वाकळ विणलेली : कुटाराची! ऐन काढणीत मळणीचा हडंबा आमच्या खिडकीखाली चालला होता, आणि कॉम्प्युटरचे तिन्ही पंखे ते कुटार मन लावून आत ओढत होते. तळाशी सोयाबीनचा एक अख्खा दाणाही मिळाला. त्याला पोत्यात परत टाकलं.

पुतण्याने मऊ ब्रश घेतला, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली (हवा मारताना ती भिंगरीसारखी फिरली तर पंखाच बिघडतो) आणि जाळी मोकळी केली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. नवी ऑनलाईन मागवली, तर पुडकं आधी पुण्यातल्या उंद्रीची हवा खाऊन आलं. त्या उंद्रीत उंचच उंच सोसायट्या आहेत, त्यामुळे जगाला उंद्री म्हटलं की तीच आठवते. आठ दिवस गेले. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "पेस्टच पाह्यजे ना? घरात टूथपेस्ट नाही का?" पुतण्याने दिवाळीचे फटाके ठेवायच्या कपाटात कॉम्प्युटर कुलूपबंद केला.

शेवटी तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, पंखा बसवला, गेम लागला. अर्धा तास, एक तास. आकडा बहात्तरच्या पुढे सरकेना. आम्ही सगळे त्या आकड्याकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे बघत बसलो होतो. भाऊही होते, खुर्ची पुढे ओढून, दुसरा चहा घेत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातला पेनड्राईव्ह काढला, त्यावर फुंकर मारली.

"मस्त चालून राह्यला आता," ते म्हणाले. "वरची घाण तुम्ही काढली, आतली राह्यली. एक फॉरमॅट मारून टाकतो."