ब्रूनोचे बाबा

या गृहस्थांचं खरं नाव आमच्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नाही. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना ‘ब्रूनोचे बाबा’च म्हणतात. त्यांना एक सख्खी मुलगीही आहे, पण तिचे बाबा म्हणून त्यांना कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. ब्रूनो म्हणजे ३२ किलोचा लॅब्रॅडॉर.

पुण्याहून दापोलीला जायचं ठरलं की डिकीत आधी ब्रूनोचं सामान चढतं. पाण्याचा कॅन, वाडगा, ओळखीच्या वासाची गोधडी, रेबीजच्या लशीचं कार्ड. उरलेल्या जागेत बायकोने बॅग बसवायची. बसली नाही तर साड्या कमी करायच्या.

ब्रूनोची जागा मागच्या सीटवर, सासूबाई आणि मुलीच्या शेजारी. पुढे नाही, कारण एअरबॅग उघडली तर तिचा तडाखा कुत्र्याला झेपत नाही. अंगात हार्नेस, हार्नेसचा पट्टा सीटबेल्टच्या बकलमध्ये. एकदा मुलीने तो गळ्यातल्या पट्ट्याला अडकवला, तर बाबा अंगावरच आले. “ब्रेक लागला की मानेला हिसका बसेल, कळतंय का?” मग भौतिकशास्त्राचा तास. ताशी ५० ने धावणारी गाडी एकदम थांबली, तरी मागचा मोकळा जीव त्याच ५० ने पुढे येणार, आणि पुढे बाबांचंच डोकं. यात काही खोटं नाही. मांडीवर पॉमेरेनियन घेऊन स्टिअरिंग फिरवणारे महाभाग पाहिले की मला तर बाबा ऋषितुल्य वाटतात.

काच चार बोटंच खाली. ब्रूनोला तोंड बाहेर काढून वारा प्यायचा असतो, बाबांना त्याच्या डोळ्यात उडणारी खडी दिसत असते.

उलटी होऊ नये म्हणून निघण्याआधी तीन-चार तास ब्रूनोला खायला काही द्यायचं नाही. आणि तो उपाशी असताना त्याच्यासमोर कुणी खायचं नाही! चिवड्याचा डबा त्यामुळे दापोलीपर्यंत जसाच्या तसा जातो. ताम्हिणीच्या वळणांवर मुलीचं तोंड कसनुसं होतं, तेव्हा बाबा आरशातून विचारतात, “ब्रूनो, बरं वाटतंय ना राजा?” ब्रूनोला डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आधीच मिळालेली असते. मुलीला आवळासुपारी.

माणगावला मिसळ खायची ती पाळीपाळीने, एकाने ब्रूनोजवळ सावलीत उभं राहायचं.

“पाचच मिनिटं हो, राहील की गाडीत,” बायको म्हणते.

“बाहेर २४ अंश असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ होतात. तुझ्यासारखा घाम येतो का त्याला? धापा टाकूनच गार व्हायचं बिचाऱ्याने.”

“जावईबापू,” सासूबाई मागून म्हणतात, “मघाशी मला ठेवलं होतंत की गाडीत!”

“आई, तुम्हाला दार उघडता येतं.”

या उत्तरावर वाद घालता येत नाही. पण ५० च्या वेगाचं ते भौतिकशास्त्र सासूबाईंनाही लागू आहे, हे बाबांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मागच्या सीटवरच्या माणसांनीही पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे. बाबांच्या गाडीत मागे तो फक्त ब्रूनोला असतो.