अग्नीचा जमाखर्च

इ. स. १५१६ च्या एप्रिल महिन्यात बव्हेरियाच्या दोघा ड्यूक-बंधूंनी इंगोलश्टाट येथे बिअरसंबंधी जे सुप्रसिद्ध फर्मान काढले, त्यात सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज चौथ्या कोणत्याही द्रव्यास मज्जाव केलेला आहे. त्यात यीस्टचा नामोल्लेख नाही याबद्दल जाणकार त्या बंधूंना उदार अंतःकरणाने क्षमा करतात. कारण यीस्ट हा सजीव पदार्थ आहे आणि सारी किमया तोच करतो, हे त्या काळी कोणाच्याच गावी नव्हते. परंतु ज्याच्यावाचून सातूचे पाणी यावच्चंद्रदिवाकरौ सातूचे पाणीच राहावयाचे, त्या अग्नीचाही फर्मानात पत्ता नाही. आणि अग्नीची ओळख तर माणसाला बऱ्याच अगोदर झालेली होती. माझा असा तर्क आहे की, दोघांपैकी एकाही ड्यूकाला जळाऊ लाकडे स्वतः वाहून आणावी लागत नसावीत.

ही उपेक्षा आजतागायत चालू आहे. घरी बिअर करणारा मनुष्य स्वभावतः मोठा हिशेबी असतो. हॉप्स तो ग्रॅमात तोलतो, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेला सातू, ज्या पाण्यात भिजवावयाचे त्याचे तापमान १५२ अंश फॅरनहाइटपासून दोन अंश ढळले तर त्याला सुतक लागते, आणि यीस्टच्या पेशी तर तो अब्जांत मोजतो. पण ज्या प्रोपेनच्या ज्योतीवर हा सारा डोलारा उभा, त्याच्या शिलकेविषयी विचारणा केली असता तो टाकीला बुटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करतो, कान देऊन आवाज ऐकतो आणि ‘असेल की अजून’ एवढेच उत्तर देतो.

मिनियापोलिसच्या ज्या उपनगरात मी आणि माझे एक वऱ्हाडी स्नेही हा उद्योग परसदारी करीत असतो, तेथे त्याला सरकारची पूर्ण अनुज्ञा आहे. १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठली, तरी घरगुती बिअरला केंद्र सरकारची मुभा मिळावयास पुढे पंचेचाळीस वर्षे जावी लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी जिमी कार्टर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने एकट्या प्रौढाच्या घरास वर्षाकाठी १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर करमाफ करून दिली. ज्या मुलखात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये नुसती घोटभर घ्यावयाची तरी रीतसर परवाना लागतो, त्या मुलखातून आलेल्या आम्हा दोघांना या औदार्याने सद्गदित व्हावयास झाले. बिअर किती करावी हे त्या कायद्याने गॅलनांत सांगितले. ती कशावर करावी, याविषयी मात्र तोही बव्हेरियाच्या ड्यूकांइतकाच मुग्ध आहे.

हा उद्योग घराबाहेर करण्याचे कारण रसिकता नव्हे. पाच गॅलनांचा एक घाणा काढावयाचा म्हणजे साडेसहा-सात गॅलन वॉर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, तास-दीड तास खळखळा उकळावे लागते. स्वयंपाकघरातील शेगडीने ते आधणच दुपारपर्यंत येत नाही, आणि आलेच तर गॅलनभर पाण्याची वाफ छताला जाऊन चिकटते व तीबरोबर हॉप्सचा असा काही दर्प पडद्यांत मुरतो की गृहसौख्याची काही आठवडे तहकुबी होते. परसात पन्नास-साठ हजार बीटीयूंचा बर्नर लावला की हे सारे प्रश्न मिटतात. तो बर्नर घरात आणणे मात्र शुद्ध आत्मघात होय. कारण अपुऱ्या हवेत जळताना तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि प्रोपेन हवेहून दीडपट जड असल्यामुळे गळालेला वायू तळघरात जाऊन दबा धरून बसतो.

आता खुद्द टाकीकडे वळू. येथील परसदारी आढळणाऱ्या सर्वसाधारण टाकीत २० पौंड प्रोपेन मावते. तेही ती द्रवाने सुमारे ८० टक्केच भरून, कारण उन्हाने द्रव फुगला तर त्याला पाय पसरावयास जागा हवी. आमच्या स्नेह्यांनी, ते पेशाने अभियंते असल्यामुळे, त्या टाकीवर दाब दाखविणारे एक सुबक घड्याळ बसविले आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात डौलाने उभा राहिलेला पाहून आम्ही दोघेही निर्धास्त झालो. परंतु टाकीत द्रवरूप प्रोपेनचा अखेरचा थेंब शिल्लक असेपर्यंत वरच्या वायूचा दाब हा केवळ तापमानावर अवलंबून असतो, साठ्यावर नाही. सत्तर अंश फॅरनहाइटला तो दर चौरस इंचास सुमारे ११० पौंड असतो. मग टाकी काठोकाठ भरलेली असो वा तळाशी पेलाभर उरलेले असो. दुष्काळात पीक करपून गेले तरी सोळा आणे वसूल लिहिणारा एखादा कुलकर्णी असावा, तसे ते घड्याळ अखेरच्या क्षणापर्यंत खुशाली कळवीत राहते, आणि मग एकाएकी काटा कोसळतो व त्याबरोबर ज्योतही.

हा प्रसंग बहुधा उकळीच्या ऐन मध्यावर येतो. यात दैवाचा काही आकस नाही. दिवसभराच्या कामात सर्वांत जास्त वायू उकळीलाच जळतो, तेव्हा टाकी संपावयाची ती तेव्हाच संपण्याचा संभव अधिक, असे साधे गणित आहे. पण त्या घटकेला गणिताने समाधान होत नाही. हॉप्समधील आम्लांचे कडवटपणात रूपांतर नीट व्हावयास खरी उकळी लागते. ती बसली की मनगटावरचे घड्याळ चालू राहते आणि कडवटपणा मंदावतो. शिवाय फिकट माल्टमधून निघणारे डायमिथाइल सल्फाइड हे उघड्या भांड्यातून वाफेवाटे बाहेर जावे लागते. ते आत राहिले तर बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो आणि पाहुणे सभ्यपणे ‘वेगळी आहे’ असे म्हणतात. अशा वेळी घाईघाईने जोडलेल्या दुसऱ्या टाकीचा कान कोणी झटक्याने पिळला, तर वायूचा लोंढा पाहून जोडणीतील सुरक्षेची कळ नळी फुटल्याचा संशय घेते आणि वायू अगदी थेंबाथेंबाने सोडू लागते. मग सर्व बंद करून, तिचा राग शांत होईपर्यंत थांबून, टाकी हळूहळू उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

अशा अंदाधुंदीच्या काळात नाशिकहून माझी आई सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी आली. परसातील पातेल्याविषयी तिने एकच प्रश्न विचारला. सातू उकळतो आहोत असे अक्षरशः सत्य उत्तर मिळाल्यावर, ज्या मातेला सारे कळलेले असते आणि काहीच कळवून घ्यावयाचे नसते, तिच्या चेहऱ्याने तिने तो विषय दप्तरदाखल केला. सिलिंडर हा मात्र तिचा अधिकारप्रांत होता. नवा सिलिंडर लावला की त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर नोंदवावयाची, ही वहिवाट तिने हयातभर पाळलेली.

“वजन करून घेतलंस का?” तिने विचारले.

“आई, इथे तशी पद्धत नाही. रिकामी टाकी दुकानापुढच्या पिंजऱ्यात ठेवायची आणि भरलेली उचलायची.”

“भरलेली आहे हे कोणी सांगितलं?”

“काकू, त्यावर लिहिलेलं असतं,” आमचे स्नेही म्हणाले.

“लिहिलेलं आमच्याकडेही असतं. मी गॅसवाल्याला काटा लावायला लावते.”

एवढे बोलून तिने टाकीवरून ओले फडके फिरविले आणि वरचा भाग लवकर वाळून खालचा ओलाच राहिला तेथे बोट टेकवून द्रवाची पातळी दाखविली. आमचे स्नेही हेच ज्ञान टाकीवर कढत पाणी ओतून मिळवीत असत, आणि त्याला प्रयोग म्हणत असत. परंतु फडक्यावर विसंबणारी ती नव्हे. तिने आतून बॅगा तोलावयाचा तो आकड्याचा काटा मागविला, जो परदेशस्थ मराठी माणसाच्या घरी देव्हाऱ्याइतकाच हटकून असतो, आणि ज्याची सारी हयात २३ किलोंच्या मर्यादेखाली लोणच्याच्या बरण्या बसविण्यात जाते. टाकीच्या गळ्यावर तिचे रिकामे वजन ठोकलेले असते, ते बहुधा सतरा पौंडांच्या आसपास. एकूण वजनातून ते वजा केले की उरते ते निर्मळ सत्य. आमच्या ‘भरलेल्या’ टाकीचे निर्मळ सत्य १५ पौंड निघाले. अदलाबदलीच्या टाक्या अनेकदा तेवढ्याच भरतात, आणि बारीक अक्षरांत ते छापलेलेही असते; उरलेले पाच पौंड प्रोपेन केवळ आमच्या श्रद्धेचे होते.

त्या दिवसापासून आमच्या परसात रीतसर कीर्द सुरू झाली. प्रत्येक घाण्याच्या आधी व नंतर टाकी तोलावयाची, खर्ची पडलेले प्रोपेन लिहावयाचे, बाकी काढावयाची. उन्हाळ्यात घाण्यामागे तीन-चार पौंड जातात असे निष्पन्न झाल्यावर शिल्लक चार पौंडांखाली आली की नव्या घाण्यास मनाई, असा हुकूम निघाला. हिवाळ्यात मात्र या कीर्दीलाही मर्यादा पडतात. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळते, तेव्हा मिनेसोटाच्या थंडीतही त्याचा वायू होतोच. पण शून्य फॅरनहाइटला दाब अवघा २४ पौंडांवर येतो, आणि बाष्पीभवनाला लागणारी उष्णता द्रव स्वतःतूनच उपसत असल्यामुळे टाकी आणखी गारठते, तिच्या अंगावर हिमाची साय चढते व ज्योत मिणमिणू लागते. तराजू म्हणतो दहा पौंड आहेत, बर्नर म्हणतो काही नाही. दोघेही खरे बोलत असतात. खात्यावर शिल्लक असून हाती रोकड नसणे म्हणजे काय, याचा असा स्वच्छ दृष्टांत अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही आढळणार नाही. अशा वेळी टाकी कोमट पाण्याच्या टबात बसवावी. तिच्याखाली ज्योत धरण्याची कल्पना ज्याला सुचेल, त्याने बिअर विकत घ्यावी.

आई परत जाताना दुसरी, राखीव टाकी जातीने तोलून, तिच्या गळ्यात वजनाची चिठ्ठी अडकवून गेली. आणि त्या टाकीस कोणत्याही सबबीखाली, विशेषतः मांस भाजण्याच्या सबबीखाली, हात लावू नये, अशी सक्त ताकीद दिली. उन्हाळ्यातील रविवारी ज्यांची ग्रिल भर मेजवानीत विझते असे शेजारी आम्हाला पुष्कळ आहेत, आणि शेजारधर्म मला मान्य आहे. म्हणून कुंपणाशी येऊन कोणी टाकी मागितली की मी त्याला आग्रहाने बसवितो, दोन थंड बाटल्या पुढे ठेवतो, कार्टरसाहेबांच्या कायद्याने त्या २०० गॅलनांत कशा बसतात ते सविस्तर समजावतो, आणि त्यांतील दुसरी संपेपर्यंत त्याला आपण काय मागावयास आलो होतो याचे विस्मरण झाले नाही, तर तिसरी उघडतो.