केंद्राध्यक्ष

निवडणूक आयोगाला आमच्या आळीतल्या गुरुजींइतका तयार माणूस दुसरा मिळायचा नाही. लोकसभा असो नाहीतर ग्रामपंचायत, त्यांच्या नावाचा आदेश येतोच, आणि त्यात पद एकच असतं, मतदान केंद्राध्यक्ष. असा आदेश आला की बाकीचे शिक्षक डॉक्टरांचा दाखला शोधायला निघतात. गुरुजी पेन्सिलींना टोक करायला बसतात. साहित्य वाटपाच्या टेबलावर लाख, सुतळी, शिक्के, शाईची बाटली असं सगळं यादीशी ताडून बघणारे तालुक्यात ते एकटेच असावेत. एकदा यादीतली एक टाचणी कमी निघाली, तर तिच्यासाठी त्यांनी रांग अडवून धरली होती म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही.

राहायला शहापुरात, शाळा किन्हवलीकडच्या एका वाडीवर. दोनशिक्षकी शाळा. खिचडीचा तांदूळ, मुलांचा पट, रोजची ऑनलाइन माहिती यातून वेळ काढून ते शिकवतातही, आणि चांगलं शिकवतात. पण माणूस रमतो तो नियोजनात. वर्गाची सहल जवळच्या माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी न्यायची असली तरी पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी आणि पिवळ्या टोप्या यांच्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही. असा माणूस घरच्यांना घेऊन इमॅजिकाला निघतो, तेव्हा ती सहल राहत नाही, मोहीम होते.

कारण घडलं ते असं. थोरल्या मुलीला त्यांनी शब्द दिला होता की दहावीचा शेवटचा पेपर झाला की इमॅजिका. मुलीला घरात सगळे 'बाय' म्हणतात. मैत्रिणींसमोर ही हाक मारायची नाही असा हुकूम तिने नववीतच काढला आहे. तिच्याशी बोलणं सोपं नाही. कानात काहीतरी अडकवलेलं असतं, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच, 'बघू.' जेवायला ये? बघू. अकरावीला सायन्स घेणार का? बघू. आणि इमॅजिकाला कधी जायचं म्हणाल, तर मात्र लगेच, 'पंचवीस तारखेला.'

पेपर मार्चात संपणार होते. गुरुजींनी फाईल उघडली दिवाळीत.

ती फाईल मी पाहिली आहे. वर 'कौटुंबिक सहल', आत अनुक्रमणिका. 'उद्दिष्टे' या सदरात लिहिलं होतं की राजासॉरस हा खरोखरचा डायनासोर असून त्याचे अवशेष गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहिओलीला सापडले, सबब त्या नावाच्या नावेच्या सफरीला शैक्षणिक मूल्य आहे. नायट्रो नावाच्या त्या भयानक गाडीपुढे 'स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर (प्रात्यक्षिक)' अशी नोंद होती. पण मी थांबलो ते 'पार्श्वभूमी' या सदरापाशी. तिथे एकच ओळ होती. 'यापूर्वी असा प्रयत्न झालेला आहे. अंमलबजावणी झाली नाही.'

त्या ओळीचा अर्थ आमच्या वयाच्या माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. 1989 मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, आणि पुढची कित्येक वर्षं दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागली की गावोगावची पोरं बापाच्या मागे लागायची. आसनगावहून दादर, दादरला गाडी बदलून बोरिवली, तिथून खाडी ओलांडायला बोट. गुरुजींचे वडील म्हणायचे, भात झोडून झालं की जाऊ. भात दर वर्षी झोडून व्हायचं. पोरगा मोठा झाला, डीएड झाला, नोकरीला लागला, आणि इकडे एस्सेल वर्ल्ड बंदही पडलं. गुरुजी याबद्दल कधी काही बोलत नाहीत. फाईलला लावतात.

पहिला वाद मार्गाचा. इमॅजिका 2013 साली सुरू झालं ते रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर. शहापूरकराला दोन वाटा. एक रेल्वेची, आसनगावहून कल्याण आणि तिथून खोपोली लोकल. दुसरी शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली या राष्ट्रीय महामार्गाची, ज्याला कागदावर 548 अ असा भारदस्त क्रमांक आहे. गुरुजींचा कल रेल्वेकडे होता, कारण रेल्वेला वेळापत्रक असतं. वहिनी मुरबाडच्या. मुरबाडला रेल्वे येणार हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत, त्यामुळे रेल्वे आणि वेळापत्रक या दोन्ही गोष्टींवर त्यांचा फारसा विश्वास नाही. आमच्याकडे यष्टी आली की चढायचं, असं त्या म्हणतात. शेवटी गाडी ठरली. ओळखीतली इको.

आणि गाडी मुरबाडवरून जाणार म्हटल्यावर खरा पेच पुढे आला. सासुरवाडी.

सासुरवाडीच्या दारावरून गाडी न थांबता नेणारा जावई मुरबाड तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. गुरुजींनी फाईलमध्ये लिहिलं, 'मुरबाड : चहा, 20 मिनिटे.' वहिनी ते वाचून हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आत जाऊन त्यांनी आईला फोन लावला. तिकडून सासऱ्यांनी मूळ प्रस्तावालाच हरकत घेतली. एवढ्या लांब जाता कशाला? पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत आकाशपाळणा येतो, मौत का कुआ येतो, बैलबाजार बघून होतो, परतताना घोंगडी घेता येते. इमॅजिकात घोंगडी मिळते का? नाही, हे गुरुजींना मान्य करावं लागलं.

घरात गुरुजींच्या आईचा मुद्दा निराळा होता. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं पडतं असं गुरुजी वाचून दाखवत होते, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, 'पान्यात बसाया पैसं?' तिचं माहेर कसाऱ्याकडचं. तानसा, वैतरणा, भातसा सगळी धरणं याच बाजूची, तानसा तर 1892 पासून मुंबईला पाणी पाजतंय, आणि तिच्या माहेरी मार्च संपायच्या आत टँकर लागतो. 'आपलं पानी मुंबईला न्यायचं, आन मग आपल्यालाच तिकीट लावून त्यात बसवायचं!' गुरुजींनी समजावलं की आई, तो पार्क रायगड जिल्ह्यात आहे, ते भातसाचं पाणी नव्हे. म्हातारीने त्यांच्याकडे असं पाहिलं की 'वॉटर पार्क' या ओळीवर त्यांनी लगेच काट मारली. माझ्या मते फाईलमधला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

मग धाकट्याची उंची. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. शाळेतल्या आरोग्य तपासणीची टेप घरी आली, भिंतीवर रेघा पडल्या, आणि चौथीतला धाकटा दर रविवारी तिथे उभा राहू लागला. रेघेला अर्धा इंच कमी. पोराने दूध सुरू केलं, दाराच्या चौकटीला लोंबकळायला लागला, एकदा मोजमापाच्या वेळी मोज्यात पुठ्ठा घालून आला. गुरुजींनी मोजे काढायला लावले. दिवाळी ते मार्च एवढ्यात पोरगं अर्ध्याचा पाव करू शकलं, पुढे सरकेना.

बायची एकच अट होती, मैत्रीण बरोबर येणार. गुरुजींनी अट मान्य केली आणि मैत्रिणीच्या वडिलांकडे संमतीपत्राचा नमुना पाठवला. ॲलर्जी, रक्तगट, संपर्क क्रमांक दोन. बिचाऱ्यांनी सही केली. मग टोप्या निघाल्या. शाळेच्या, पिवळ्याधमक, गर्दीत कोणी हरवू नये म्हणून. बायने टोपीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि कानातलं काढून ठेवलं. घरात असं सहसा होत नाही.

'पप्पा, ही घालून मी नाही येणार.'

'सुरक्षेचा प्रश्न आहे.'

'आणि तुमचा प्लॅनपण चुकलाय. नायट्रो तुम्ही जेवणानंतर ठेवलीय. तेव्हा रांग केवढी असते! गेट उघडल्या उघडल्या तिकडे धावायचं असतं. आणि जेवून कोण बसतं उलटं?'

'याला आधार काय?'

'असंय.'

'लेखी दे.'

त्यांना वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली दोन्ही बाजूंनी भरलेला कागद होता. कुठला पाळणा आधी, कुठला नंतर, कुठला सावलीत, आजी कुठे बसेल, तिच्याजवळ कोण थांबेल, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून भाकरी-सुकट गाडीतच कुठे थांबून संपवायची, मोबाईल चार्ज कोणाचा आणि कधी. धाकट्याला बसता येतील अशा जागांची वेगळी यादी, म्हणजे तो रडणार नाही. शेवटी तळटीपसुद्धा. गुरुजींनी तो कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे आले, आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मी वाचेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे होते.

'अक्षर तुमच्यासारखंच आहे,' मी म्हणालो.

'ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे,' ते म्हणाले, आणि घसा खाकरला.

कागद त्यांनी लाल पेनाने तपासला, चौदा चुका काढल्या आणि खाली 'मान्य' लिहून सही केली. टोप्या रद्द. फक्त एका ठिकाणी मजकुरात हस्तक्षेप झाला. बायने लिहिलं होतं, 'मुरबाड : दीड तास.' तिथे गुरुजींनी काट मारून '20 मि.' केलं, आणि वाचलेली सत्तर मिनिटं धरून पाचचं निघणं सहा-दहावर नेलं. त्या ओळीच्या कडेला नंतर कुणीतरी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं, 'बघू.'

आदल्या रविवारी रंगीत तालीम झाली. खऱ्या मतदानाआधी अभिरूप मतदान घ्यावं लागतं, तशी ही अभिरूप सहल. पहाटे अंगणात सगळे पिशव्यांसह उभे, गुरुजी यादी वाचतायत, धाकटा उभ्या उभ्या झोपलेला. कागद दोन पाकिटांत. सांविधिक पाकिटात तिकिटं, आधार कार्डं, आणि सवलत निघालीच तर असावा म्हणून मुलगी शाळेत शिकत असल्याचा बोनाफाईड दाखला. असांविधिक पाकिटात कापूस, ओव्याची पुरचुंडी, आवळा सुपारी. चिक्की आजीच्या कनवटीला होती. ती कुठल्याच पाकिटात गेली नाही आणि गेटवरही कोणाला सापडली नाही.

प्रत्यक्ष दिवशी पाचच्या ठोक्याला इको दारात उभी. गुरुजी दात घासत बाहेर आले. 'सहा-दहा सांगितलं होतं ना?'

ड्रायव्हर म्हणाला, 'बायचा रात्री फोन आला होता. पाचला ये म्हणाली.'

मुरबाडला गाडी थांबली. चहा झाला, मग घावणे झाले, मग सासऱ्यांनी नवीन विंधण विहीर दाखवली, मग कोणीतरी मामी भेटायला आली आणि तिला बघून दुसरी आली. गुरुजींनी तीनदा घड्याळ पाहिलं आणि चौथ्यांदा पाहायचं सोडून दिलं. गाडी हलली तेव्हा बरोबर दीड तास झाला होता. बाय पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. म्हसा गेलं, कर्जत गेलं, तरी बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

पुढचं मला ऐकून माहीत. गेट उघडलं तेव्हा ही मंडळी रांगेत पुढे होती. गुरुजी दर पंधरा मिनिटांनी पट मोजत होते. सहा. एकदा सात भरले. आवाजावरून हे सर असणार असं समजून पुण्याकडच्या कुठल्याशा शाळेचा एक मुलगा येऊन त्यांच्या ओळीत उभा राहिला होता. गुरुजींनी त्याला त्याच्या शिक्षकांच्या स्वाधीन केलं. पोचपावती घेतली नाही, याची हळहळ त्यांना अजून आहे.

नायट्रोखाली ते साहित्य सांभाळत उभे राहिले. दोन मोबाईल, चष्मा, चपलांचे जोड. त्या गाडीला पायाखाली फळीच नसते, पाय अधांतरी लोंबतात, म्हणून चपला काढाव्या लागतात. पोरी एकदा बसून आल्या, केस पिंजारलेले, डोळ्यांत पाणी, आणि बाय म्हणाली, 'पप्पा, चला.'

'केंद्र सोडून कसं येऊ?'

'इकडं दे ती खेटरं,' आजी म्हणाली, आणि चपला मांडीवर घेऊन बसली.

नंतर अहवालात या प्रसंगाची नोंद 'अनुभव : समाधानकारक' एवढीच आहे. बायचं म्हणणं वेगळं. गाडी उलटी झाली तेव्हा सगळे किंचाळत होते आणि पप्पा डोळे मिटून मोठ्याने मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि सरळ झाल्यावर पुन्हा एकपासून.

धाकट्याचा पाव इंच बाकीच राहिला. गुरुजींनी भिंतीवरच्या रेघांवरून आलेख काढून पुढच्या सहलीचा महिनाही काढला आहे. बाय तेव्हा कल्याणच्या कॉलेजात असेल. येणार का विचारलं तर काय म्हणाली ते सांगायला नको. 'शेरा' या रकान्यात ते जसंच्या तसं उतरवलेलं आहे.

फाईल सध्या केंद्रशाळेतल्या शिक्षकांत झेरॉक्स होऊन फिरते आहे. पहिल्या पानावर 'तयार करणार' यापुढे बायचं शाळेच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव आहे, 'तपासणार' यापुढे गुरुजींचं. मुरबाडपुढच्या '20 मि.' वर आडवी रेघ आहे, त्यावर लाल पेनाने 'दीड तास' असं पुन्हा लिहिलं आहे, आणि शेजारी गुरुजींची लघुस्वाक्षरी. खाडाखोड केली की सही करावी लागते.